ठिणगीची वेळ : सिन्नरच्या वाटेवरील एका कौशल्याचा इतिहास

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडावी लागते ती पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधी. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटले तरी सगळे एकदम भडकत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत चालत जाते आणि या चालीला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. पिस्टन माथ्यावरून खाली वळला आणि क्रँक सुमारे १५ अंश फिरला, की त्या जागी दाब शिगेला असावा, म्हणजे सगळा जोर चाकाकडे जातो. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर दोन मिलिसेकंदांत क्रँक सुमारे ११ अंश फिरतो. ३,६०० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात तो ४३ अंश फिरतो. वेग वाढला की सिलिंडरातली घुसळण वाढून ज्योतही पळू लागते, म्हणून प्रत्यक्षात इतकी मोठी आगाऊ सूट द्यावी लागत नाही. तरी वेगाबरोबर ठिणगी अलीकडे आणावी लागते, हे सुटत नाही. ही वेळ ठरवून, प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर जागेवर आवळण्याच्या कामाला गॅरेजात टायमिंग बांधणे किंवा टायमिंग लावणे म्हणतात.

या कामाचा इतिहास सिन्नरसारख्या नाक्याच्या गावातून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. सिन्नर हे यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे गाव. गोंदेश्वराचे मंदिर आणि विड्यांचा धंदा ही त्याची जुनी ओळख. मोटारवाल्यांना मात्र ते तीन रस्त्यांचे गाव म्हणून ठाऊक. नाशिकहून सुमारे ३० किलोमीटरवर पुण्याचा रस्ता सिन्नरला पोहोचतो, पश्चिमेकडून घोटीचा रस्ता येऊन मिळतो आणि पूर्वेला मुसळगाव, वावीवरून शिर्डीची वाट फुटते. या वाटांवर चढ आहेत. नाशिकहून येताना मोहदरीचा घाट लागतो. पुण्याकडे जाताना संगमनेर ओलांडले की चंदनापुरीचा. मुंबईहून जुन्या रस्त्याने शिर्डीला निघालेली गाडी तर कसाऱ्याचा घाट चढूनच घोटीमार्गे सिन्नरला येते. समुद्रकाठी टायमिंग बांधलेली गाडी इथे सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचलेली असते. या उंचीवर हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, सिलिंडरातला दाब तितका कमी भरतो आणि इंजिन थोडी आगाऊ ठिणगी विनातक्रार सोसते. एकच गाडी, एकच पेट्रोल, पण मुंबईची योग्य वेळ सिन्नरला जरा सुस्त ठरते.

आरंभीच्या मोटारींत ही अडचण चालकावरच सोपवलेली होती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत. उजवी पेट्रोलची, डावी ठिणगीची. गाडी सुरू करताना डावी दांडी वर सारून ठिणगी उशिरा पाडायची, इंजिनाने वेग घेतला की दांडी खाली ओढायची, चढ लागून इंजिन दबले की पुन्हा थोडी वर. चालकाला इंजिनाचा आवाज ऐकत बसावेच लागे. दांडी खाली विसरून कोणी हँडल मारले, तर ठिणगी पिस्टन वर येण्याच्या फार आधी पडे आणि इंजिन उलटा झटका देई. हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडणे ही त्या काळची नेहमीची दुखापत होती. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट भंगाला अस्थिरोगशास्त्रात आजही शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वेढायचा नाही, हा जुन्या ड्रायव्हरांचा धडा याच झटक्यातून आलेला आहे.

ठिणगी निर्माण करण्याची साधनेही त्याच सुमारास पक्की होत होती. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी पद्धत बसवली, ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली. पुढे जवळपास सगळ्या मोटारींनी स्वीकारली ती केटरिंग यांचीच पद्धत. पण इंजिनातून ठोके येऊ लागले, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकून खटखट होऊ लागली, तेव्हा दोष त्यांच्या या नव्या इग्निशनवर ढकलला गेला. दोष खरा पेट्रोलचा आहे हे सिद्ध करण्याच्या मागे ते लागले आणि त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांना १९२१ साली पेट्रोलमध्ये शिसे घालण्याचा उपाय सापडला. ठोका थांबला; शिसे मात्र पुढे कित्येक दशके जगभरच्या रस्त्यांवर धुरातून उडत राहिले. भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. टायमिंग आणि पेट्रोल ही एकाच भांडणाची दोन टोके आहेत, हे या घटनेइतके दुसरीकडे कुठे उघडे पडलेले नाही.

महाराष्ट्रात गाड्यांची संख्या वाढली ती मुंबईच्या बंदरामुळे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हर्ले गाड्या इथेच जोडल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे शिधावाटप सुरू झाले, तेव्हा खासगी प्रवासी मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशाचा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्यामुळे अशा गाडीची ठिणगी बरीच आधी पाडावी लागे. इंधन बदलले की टायमिंग बदलते, हा पाठ त्या पिढीच्या मिस्त्रींनी भट्टीच्या राखेत हात काळे करून गिरवला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड अशा नाना जातींच्या गाड्या होत्या आणि प्रत्येकीची टायमिंगची खूण, प्रत्येकीचा पॉइंट वेगळा.

तोवर चालकापुढची दांडी नाहीशी होत आली होती. तिची जागा डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या दोन यंत्रणांनी घेतली. एकीत स्प्रिंगांना बांधलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी अलीकडे ओढतात. दुसरीत बाजूला बसवलेली चपटी डबी असते. तिच्यातला पडदा कार्बोरेटरच्या नळीतून येणाऱ्या ओढीने हलतो. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असतो, मिश्रण विरळ आणि सावकाश जळणारे असते, तेव्हा ही डबी ठिणगी आणखी आधी पाडते. घाटात पाय पूर्ण दाबला की नळीतली ओढ नाहीशी होते आणि डबीचा वाटा शून्यावर येतो. राहतात ती वजने आणि मिस्त्रीने आवळलेली मूळ जागा. म्हणूनच टायमिंग चुकले आहे की बरोबर, याचा निवाडा सपाटीवर होत नाही, मोहदरीसारख्या चढावर होतो. नाशिकहून निघालेल्या गाडीची ही परीक्षा सिन्नरच्या वेशीआधीच उरकते.

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत या रस्त्यावरची गर्दी मोजक्या नावांची होती. महिंद्राची विलीज जीप, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बनणारी ॲम्बॅसेडर आणि कुर्ल्यात बनणारी फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची ही फियाट १९७० च्या दशकात पद्मिनी झाली, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे तालुक्याच्या गावाचे ठरलेले दृश्य बनले. तिन्ही गाड्यांना चार सिलिंडर आणि ठिणगीचा क्रम एकच : एक, तीन, चार, दोन. हा क्रम पाठ असला की प्लगच्या वायरी डोळे मिटून लावता येत. एक वायर इकडची तिकडे झाली की इंजिन खोकून बंद पडे आणि नव्या पोऱ्याला त्या दिवशी हमखास बोलणी बसत.

जीपची खूण सर्वांत अडचणीच्या जागी होती. फ्लायव्हीलच्या कडेवर रोमन लिपीत टीसी आणि आयजीएन अशी अक्षरे कोरलेली असत आणि इंजिनाच्या मागच्या बाजूच्या लहानशा छिद्रातून ती पाहावी लागत. टीसी म्हणजे पिस्टन माथ्यावर, आयजीएन म्हणजे त्याच्या पाच अंश आधी. इतर गाड्यांत खूण पुढच्या पुलीवर असे. चिखल आणि ग्रीस पुसून तिच्यावर खडूची रेघ ओढली की निम्मे काम झाले.

टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंट नीट करणे भाग असते. पॉइंट म्हणजे दोन लहान संपर्कबिंदू. मधला चौकोनी कॅम फिरताना फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी उडते. टाच झिजत जाते तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडू लागतात आणि बांधलेले टायमिंग कोणीही हात न लावता मागे सरकते. लूकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरांना ही फट १४ ते १६ थाउ लागते, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. फट फीलर गेजच्या पात्याने मोजायची. पॉइंटवर खड्डा आणि समोर टेकाड दिसले तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा आणि पॉइंट घासून सपाट करायचे. फट आधी, टायमिंग नंतर. उलटा क्रम धरणाऱ्याला दोनदा काम करावे लागते, कारण फट बदलताच टायमिंगही बदलते.

मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा आणि भोकावर अंगठा धरून दुसऱ्याने हँडल सावकाश फिरवायचे. आतून हवा अंगठ्याला ढकलू लागली की पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येत आहे असे समजायचे. अंगठा हा टप्पा चुकू देत नाही. नुसत्या खुणेवर विसंबले तर गोंधळ होतो, कारण खूण क्रँकच्या प्रत्येक फेरीला समोर येते आणि ठिणगी मात्र एकाआड एक फेरीत हवी असते. खूण जुळली की डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटरचे तोंड कॅपमधल्या पहिल्या वायरीकडे आहे ना ते पाहायचे. त्यानंतर एका लहान बल्बची एक वायर कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावून किल्ली चालू करायची. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडताच पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वळवायचा, बल्ब विझला की सावकाश उलटा आणायचा. बल्ब पेटतो ती नेमकी जागा. तिथेच बोल्ट आवळायचा, तेही आवळताना डिस्ट्रिब्युटर हलू न देता. सगळी मेहनत बहुधा याच शेवटच्या पाव फेऱ्यात वाया जाते.

बल्ब नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटांच्या मध्ये धरून हलकेच ओढत राहण्याची युक्ती होती. कागद सुटला की पॉइंट उघडले. टेंभुर्णीच्या पानात वळलेल्या विडीला पाकिटातला तसा कागद नसतो, त्यामुळे विड्यांसाठी नावाजलेल्या गावालाही या कामापुरती सिगारेटवाल्यांची मदत घ्यावी लागे. खुणेवर लखलखणारा टायमिंग लाइट ही शहरातल्या मोठ्या वर्कशॉपची वस्तू होती.

पुस्तकातला आकडा इथवर पोहोचवतो. पुढचे काम कानाचे. कंपनीने दिलेले अंश ठरावीक ऑक्टेनचे, म्हणजे ठोका रोखण्याच्या ठरावीक ताकदीचे, पेट्रोल आणि कमी झिजलेले इंजिन गृहीत धरून दिलेले असतात. या रस्त्यावर दोन्हींची हमी नव्हती. भारतात बरीच वर्षे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे आणि महाग पेट्रोल ९३ ऑक्टेनचे मिळे. परदेशी मूळ असलेल्या इंजिनांचे कॉम्प्रेशनचे प्रमाण इथल्या पेट्रोलसाठी सातच्या आसपास ठेवावे लागले होते. त्यात रॉकेलची भेसळ. रॉकेलचे ऑक्टेन फारच कमी, त्यामुळे थोडे मिसळले तरी इंजिन ठोकू लागते. नाशिक जिल्ह्याला ही भेसळ फार जवळून माहीत आहे. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे मोठे डेपो आहेत आणि त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी भेसळखोरांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले.

अशा पेट्रोलवर मिस्त्रीपुढे एकच उपाय उरे : टायमिंग दोन अंश मागे घ्यायचे. ठोका थांबतो, पण त्याची किंमत इतरत्र मोजावी लागते. उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टन खाली निघाल्यावरही जळत राहते. गाडी उचलत नाही, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सर तापतो आणि घाटाच्या माथ्यावर रेडिएटर उकळतो. उलट टायमिंग फार पुढे असले तर सुरू होताना इंजिन झटके देते, चढावर खडे वाजवल्यासारखा आवाज येतो आणि तो दुर्लक्षित राहिला तर पिस्टनला भोक पडते. दोन्हींच्या मधली जागा शोधण्याची रीत ठरलेली होती. गाडी टॉप गिअरमध्ये ताशी तीसच्या वेगाला आणायची आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा. किंचित टिकटिक ऐकू येऊन वेग वाढताच ती विरून गेली तर टायमिंग बरोबर. टिकटिक आलीच नाही तर मागे, थांबलीच नाही तर पुढे. लूकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरवर यासाठीच एक दातेरी चाकी असे. ११ टिचक्या फिरवल्या की एक अंश. बोल्ट सैल न करता घाटाच्या पायथ्याशी बोटांनीच दुरुस्ती व्हायची.

या धंद्याच्या भाषेत एक गंमत आहे. लग्न पुढे ढकलले म्हणजे ते उशिरा होणार. टायमिंग पुढे घेतले म्हणजे ठिणगी लवकर पडणार. घड्याळ पुढे करण्याच्या अर्थाने हा शब्द गॅरेजात आला असावा. ठिणगीला करंट म्हणायचे, एखादा सिलिंडर पेटला नाही तर गाडी मिस मारते, पिस्टन माथ्यावर आणणे म्हणजे टॉपवर घेणे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला अंशांचा तक्ता पाठ असे. ठोका कसा ओळखायचा हे तो गॅरेजातच शिके.

१९९० च्या दशकात पेट्रोलच्या भावाने लोक गॅसकडे वळले. व्हॅन आणि जुन्या फियाटांत घरगुती सिलिंडर बसवण्याचा बेकायदा प्रकार राज्यभर माजला होता. वाहनांत एलपीजी वापरायला कायद्याने मुभा मिळाली ती २००० साली. गॅसचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त आणि ज्योत थोडी सावकाश, म्हणून टायमिंग पुढे घ्यावे लागे. पण तीच गाडी गॅस संपल्यावर पेट्रोलवर चालायची असे. मग मधला कोन धरायचा, म्हणजे दोन्ही इंधनांवर थोडे थोडे नुकसान. कोळशाच्या भट्टीचा जुना पाठ इथे अर्ध्या शतकानंतर पुन्हा उपयोगी पडला.

तोवर शिर्डीच्या वाटेवरची प्रवासी वाहतूक डिझेल जीपांकडे गेली होती. डिझेलला ठिणगीच नसते. नाशिकमध्ये मायको सर्कलला ज्या कारखान्याचे नाव मिळाले, तो बॉशच्या घराण्यातलाच. पण त्याचे काम डिझेल इंजिनांच्या नोझलचे होते. छोट्या मोटारींत १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तीही आरंभी कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरचीच. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, मारुतीत एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा बसली आणि पाठोपाठ डिस्ट्रिब्युटरच गेला. आता क्रँकजवळचा सेन्सर चाकाचे दाते मोजतो आणि संगणक प्रत्येक ठिणगीची वेळ निराळी ठरवतो. अनेक इंजिनांच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. ठोक्याचे कंपन जाणवताच तो कळवतो, संगणक ठिणगी काही अंश मागे घेतो आणि ठोका थांबला की हळूहळू पुन्हा पुढे आणतो. मोहदरीच्या पायथ्याशी दातेरी चाकी फिरवणारा मिस्त्री हेच करत असे, फक्त दिवसातून एकदा.

मे २०२३ मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर टप्पा सुरू झाला, तोही सिन्नर तालुक्यातूनच जातो. जुन्या तीन वाटांवर अजूनही अधूनमधून एखादी हौसेने जपलेली जीप किंवा लग्नाच्या वरातीसाठी धुऊन-पुसून ठेवलेली ॲम्बॅसेडर दिसते. तिच्या मालकापुढे नवा प्रश्न आहे तो २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. इथेनॉलचे ऑक्टेन अधिक, म्हणून ठोक्याची भीती कमी आणि टायमिंग अंशभर पुढे घेता येते. पण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून येणारे मिश्रण विरळ पडते आणि कार्बोरेटरातले जुने रबर फुगते. त्यामुळे अशा गाडीत आधी जेट आणि नळ्या बदलाव्या लागतात, मग पॉइंटची फट पाहावी लागते, आणि त्यानंतर पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा.